सराव पडद्यावर, शिकवणं वर्गात

मुलांनी ऑनलाइन सराव करावा की नाही, हा वाद आता मागे पडला आहे. मुलं तो करतातच. शिष्यवृत्ती परीक्षेच्या सराव चाचण्या, पाढ्यांची अ‍ॅप, इंग्रजी शब्दांचे खेळ, शिक्षकांनी गूगल फॉर्मवर तयार केलेल्या घटक चाचण्या हे सगळं पालकांच्या मोबाइलवर येऊन पोहोचलं आहे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पण वापरता येणाऱ्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन हाती घेतलेली मुलं होती ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी घेतलेली ७६ टक्के. म्हणजे साधन घरात आलं आहे, अभ्यास त्याच्यासोबत आपोआप आलेला नाही.

मग शिक्षकानं या साधनाचं काय करायचं? बाजारात नवं काय आलं याची चर्चा खूप होते, या प्रश्नाची फार कमी. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतले प्रयोग, भारतातले आणि बाहेरचे, एकत्र ठेवून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. सराव सॉफ्टवेअरचा फायदा ते किती वेळ चाललं यावर ठरत नाही. मुलांनी काय सोडवलं, कुठे चुकलं हे पाहून शिक्षकानं दुसऱ्या दिवशीचा तास बदलला का, यावर तो ठरतो.

कल्पना जुनीच आहे

अमेरिकेत सिडनी प्रेसी या मानसशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात बहुपर्यायी प्रश्न विचारणारं आणि उत्तर लगेच तपासणारं एक यंत्र तयार केलं होतं. पुढे बी. एफ. स्किनर १९५३मध्ये आपल्या मुलीच्या वर्गात गणिताचा तास पाहायला गेले. सगळ्यांना एकाच वेगानं जावं लागतं आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे कळायला दुसरा दिवस उजाडतो, हे त्यांना खटकलं. त्यातून त्यांचं अध्यापन यंत्र जन्मलं. १९६०मध्ये इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकावरची अध्यापन प्रणाली सुरू झाली आणि त्याच दशकात स्टॅनफर्डमध्ये पॅट्रिक सपीज यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना संगणकावर गणिताचा सराव दिला. तात्काळ तपासणी आणि ज्याच्या त्याच्या वेगानं पुढे जाणं, ही आजच्या प्रत्येक अ‍ॅपची दोन आश्वासनं तेव्हापासूनची आहेत.

आज या सॉफ्टवेअरचे ढोबळमानानं तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार फक्त शेवटचं उत्तर तपासतो. गूगल फॉर्म, काहूट आणि बहुतेक मोफत चाचण्या यात येतात. दुसरा मुलाच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न सोपा द्यायचा की अवघड, हे ठरवतो. अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्हज या संस्थेचं ‘माइंडस्पार्क’ या जातीचं. तिसरा प्रकार गणित सोडवतानाची पायरी न् पायरी पाहतो आणि जिथे गाडी अडते तिथेच मदत करतो.

हा फरक महत्त्वाचा आहे. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. माणसानं एकेका मुलाला शिकवल्याचा परिणाम ०.७९ प्रमाण विचलन (गुणांतला फरक मोजण्याचं संख्याशास्त्रीय माप) इतका निघाला. पायऱ्या पाहणाऱ्या सॉफ्टवेअरचा परिणाम त्याच्या अगदी जवळ, ०.७६ होता. नुसतं उत्तर तपासणाऱ्याचा मात्र ०.३१. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की याला मुलाचं फक्त उत्तर दिसतं, की उत्तरापर्यंतची वाटही दिसते? फक्त उत्तर दिसत असेल तर वाट पाहण्याचं काम शिक्षकाला करावं लागेल, आणि त्यासाठी मुलाच्या हातात वही लागेल.

पुरावा काय सांगतो

आपल्या जवळचा आणि काळजीपूर्वक तपासलेला प्रयोग वडोदऱ्यातला आहे. तिथल्या महापालिका शाळांना राज्य सरकारकडून संगणक मिळाले होते, पण फारच थोड्या शाळांत ते वापरले जात. मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ संस्थेनं चौथीच्या मुलांसाठी त्यांवर गणिताचे खेळ सुरू केले. आठवड्याला दोन तास आणि एका संगणकावर दोन मुलं. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांचे गणिताचे गुण पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनानं वाढलेले दिसले. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात मात्र यातला बराचसा फायदा ओसरला. सराव ही एकदा टोचून संपणारी लस नव्हे, हे त्यातून कळतं.

लिंडन यांनीच गुजरातमधल्या ‘ज्ञानशाला’ या स्वयंसेवी संस्थेच्या शाळांतही असा प्रयोग तपासला, आणि त्याचा निष्कर्ष प्रत्येक मुख्याध्यापकानं लक्षात ठेवावा असा आहे. शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी जादा वेळ देऊन संगणकावर सराव केलेल्या मुलांना ०.२८ प्रमाण विचलनाचा फायदा झाला. शिक्षिकेच्या तासाच्या जागीच तो सराव बसवला तेव्हा मुलं ०.५७नं मागे पडली. सॉफ्टवेअर दोन्हीकडे सारखंच होतं. ज्ञानशालेतली शिकवण्याची पद्धत मुळात चांगली होती, आणि संगणकानं तिचाच वेळ खाल्ला. म्हणून वेळापत्रकात सरावाला जागा करताना कुठला तास जातो आहे, हे आधी पाहावं लागतं.

दिल्लीतल्या माइंडस्पार्क केंद्रांचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गनिमियन यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केला. सरकारी शाळांतल्या माध्यमिक वयाच्या मुलांना साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाचा फायदा झाला. सोप्या भाषेत सांगायचं तर शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये असलेलं मूल गणितात साधारण चौदा जागा पुढे सरकलं. या अभ्यासातल्या दोन गोष्टी शिक्षकाच्या उपयोगाच्या आहेत. सहावीतलं सरासरी मूल गणितात प्रत्यक्षात अडीच इयत्ता मागे होतं, आणि सॉफ्टवेअरनं त्याला सहावीची नव्हे, त्याच्या खऱ्या पातळीची गणितं दिली. दुसरी गोष्ट, दीड तासाच्या बैठकीत संगणकाचा वेळ निम्माच होता. उरलेला निम्मा वेळ डझनभर मुलांच्या गटाला एक मार्गदर्शक शिकवत असे. हा फायदा दोघांचा मिळून आहे. त्यातला माणूस वगळून नुसतं सॉफ्टवेअर घेतलं तर तेच फळ मिळेल, असं या अभ्यासावरून म्हणता येत नाही.

परदेशातला सर्वांत शिकण्यासारखा दाखला अमेरिकेतल्या मेन राज्याचा आहे. नील आणि क्रिस्टिना हेफर्नन या, पूर्वी शाळेत गणित शिकवलेल्या दांपत्यानं उभी केलेली ‘असिस्टमेंट्स’ ही मोफत प्रणाली तिथे ४३ शाळांत सातवीच्या वर्गांत तपासली गेली. नवा अभ्यासक्रम नाही, ॲनिमेशन नाही. शिक्षक आपल्याच पुस्तकातला गृहपाठ त्यावर देत, मुलांना उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळे, आणि सकाळी वर्गावर जाण्याआधी शिक्षकासमोर अहवाल असे की कुठल्या प्रश्नात किती मुलं अडली, कुठलं चुकीचं उत्तर जास्त आलं. वापर आठवड्यातून तीन-चार रात्री, रोज दहा मिनिटांहून कमी. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फायदा ०.१८ प्रमाण विचलन इतका निघाला आणि आधी मागे असलेल्या मुलांना तो अधिक झाला. शिक्षकांना अहवाल वाचण्याचं आणि त्यावरून शिकवण्याचं प्रशिक्षण दिलेलं होतं, हे विसरून चालणार नाही.

याच्या उलट टोकाला २००७मधला अमेरिकी शिक्षण खात्याचा मोठा अभ्यास आहे. १३२ शाळांत सोळा सॉफ्टवेअर तपासली, आणि ती वापरणाऱ्या व न वापरणाऱ्या वर्गांत लक्षणीय फरक आढळला नाही. ‘कॉग्निटिव्ह ट्यूटर’ या बीजगणिताच्या प्रणालीच्या २०१४मधल्या अभ्यासातही पहिल्या वर्षी काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी हायस्कूलच्या वर्गांत सुमारे ०.२० प्रमाण विचलनाचा फायदा दिसला. शिक्षकाचा हात बसायला वर्ष लागतं. पहिल्याच सत्रात निकाल मागणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

वर्गात वापरण्याच्या वाटा

*पातळी शोधण्यासाठी.* जूनमध्ये वर्ग हाती आला की पहिल्या पंधरवड्यात मागच्या दोन इयत्तांतल्या मूलभूत घटकांची छोटी चाचणी द्यावी. तिचा उपयोग गुण देण्यासाठी नाही, गट करण्यासाठी आहे. आपल्याकडे पायाभूत आणि संकलित चाचण्यांतून माहिती भरपूर जमते, पण ती वर पाठवण्यात वेळ जातो आणि तीवरून उद्या काय शिकवायचं हे ठरत नाही. शिक्षकानं स्वतःच्या वर्गासाठी केलेली दहा प्रश्नांची चाचणी त्याच दिवशी उपयोगी पडते.

*गृहपाठ आणि दुसरा दिवस.* मेनमधली पद्धत आपल्याकडे सहज येण्यासारखी आहे. बालभारतीच्या सरावसंचातली पाच-सहा उदाहरणं फॉर्मवर घालावीत. मुलांनी ती वहीत सोडवून फक्त उत्तर फॉर्मवर भरावं. सकाळी तक्ता पाहून ज्या एक-दोन उदाहरणांत बरीच मुलं चुकली तेवढीच फळ्यावर घ्यावीत. सगळी उदाहरणं सोडवून दाखवण्यात जाणारा अर्धा तास वाचतो, आणि तो अडलेल्यांना देता येतो.

*चूक पकडणारे प्रश्न.* चांगल्या बहुपर्यायी प्रश्नात प्रत्येक चुकीचा पर्याय एका विशिष्ट गैरसमजातून आलेला असतो. वजाबाकीचं उदाहरण घेऊ. ५२ − २७ला मुलानं ३५ लिहिलं, तर त्यानं लहान अंक मोठ्यातून वजा केला असेल, किंवा दशक सुटा करून दशकाच्या घरात एक कमी करायचं विसरलं असेल. दोन्ही चुकांचं उत्तर एकच येतं, त्यामुळे यंत्राला किंवा शिक्षकाला काही कळत नाही. त्याऐवजी ५२ − २८ द्यावं. लहान अंक मोठ्यातून वजा करणाऱ्याचं उत्तर ३६ येतं, दशक कमी करायला विसरणाऱ्याचं ३४, आणि बरोबर उत्तर २४. चिन्ह न पाहता बेरीज करणाऱ्याचं ८०. हे चार पर्याय दिले की एका प्रश्नात वर्गाचे चार गट समोर येतात आणि प्रत्येकाला वेगळी मदत देता येते. असा प्रश्न तयार करण्याइतकं मुलांच्या चुकांचं ज्ञान वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या शिक्षकांकडेच असतं. केंद्रातल्या शिक्षकांनी एकत्र बसून इयत्तावार अशी प्रश्नपेढी केली, तर कुठल्याही विकतच्या अ‍ॅपपेक्षा ती मोलाची ठरेल.

*आठवण जागी ठेवण्यासाठी.* रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६मधल्या प्रयोगात एक उतारा चार वेळा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर त्यातला ४० टक्के भाग आठवला. एकदाच वाचून तीनदा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आठवण्याचा प्रयत्न हाच शिकण्याचा भाग आहे. तशीच गोष्ट मिश्र सरावाची. फ्लोरिडात सातवीच्या ५४ वर्गांत डग रोहरर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणं मिसळून दिली. महिन्यानंतरच्या चाचणीत त्या मुलांना ६१ टक्के गुण मिळाले. एका वेळी एकाच प्रकारचा सराव केलेल्यांना ३८ टक्के. आपल्या पुस्तकांत नफा-तोट्यानंतर सगळी उदाहरणं नफा-तोट्याचीच येतात, त्यामुळे कुठली रीत वापरायची हे मुलाला ठरवावंच लागत नाही. दर सोमवारी मागच्या महिन्यातले तीन, मागच्या सत्रातले दोन आणि चालू घटकातला एक प्रश्न अशी छोटी चाचणी सॉफ्टवेअरवर लावून ठेवणं अवघड नाही. हे काम यंत्र माणसापेक्षा नेटकं करतं.

*एका फोनवर अख्खा वर्ग.* प्रत्येक मुलाकडे उपकरण असलंच पाहिजे असं नाही. ‘प्लिकर्स’मध्ये मुलांच्या हाती फक्त छापील कार्ड असतं. कार्डाची जी बाजू वर धरली ते त्याचं उत्तर. शिक्षक आपल्या फोनच्या कॅमेऱ्यानं वर्गावरून नजर फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते नोंदलं जातं. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९१पासून रुळवलेली पद्धत इथे जोडता येते. वर्ग बरोबर आणि चूक असा विभागला गेला तर उत्तर लगेच सांगू नये. मुलांनी शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवून द्यावं आणि पुन्हा कार्ड दाखवावं. एकमेकांना समजावताना झालेलं शिकणं पडद्यावर दिसत नाही, पण पुढच्या उत्तरांत दिसतं.

*बहुवर्ग शाळेत.* द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. तिथे तिसरीला शिकवताना चौथीचा गट टॅबवर सराव करत असेल, आणि वीस मिनिटांनी अदलाबदल होत असेल, तर सॉफ्टवेअर शिक्षकाचा तास खात नाही. एरवी वाया जाणारा वेळ ते भरून काढतं. रेंज नसलेल्या गावात ‘कोलिब्री’सारखी मोफत प्रणाली एका संगणकावर भरून ठेवली की बाकीची उपकरणं इंटरनेटशिवाय तिला जोडता येतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ती कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत आली आणि २०२०मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्या कामाचा धडा असा की पुस्तक आणि पडदा एकमेकांना जोडलेले असले तरच शिक्षकाला दोन्ही वापरता येतात.

कुठे अडतं

मुलं हुशार असतात. हिंट मागत मागत शेवटची हिंट, म्हणजे उत्तरच, मिळवायचं, किंवा चारही पर्याय दाबून पाहायचे, हे ती लवकर शिकतात. रायन बेकर यांनी वीस वर्षांपूर्वी अशा वागण्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, आणि तसं वागणारी मुलं कमी शिकतात हे दाखवलं. यावरचा साधा उपाय म्हणजे वही. रीत वहीत लिहिलेली नसेल तर पडद्यावरचं बरोबर उत्तर धरायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा.

दुसरी अडचण वापराची. लॉरेन्स होल्ट यांनी २०२४मध्ये दाखवून दिलं की सराव सॉफ्टवेअरच्या परिणामकारकतेचे जे आकडे सांगितले जातात, ते ठरवून दिलेल्या प्रमाणात वापर करणाऱ्या मुलांचे असतात, आणि अशी मुलं जेमतेम पाच टक्के असतात. बहुधा ती मुळातच अभ्यासू. मागे पडलेलं मूल एकट्यानं पडद्यासमोर टिकत नाही. त्याला आपला सराव कोणीतरी पाहतं आहे, हे जाणवावं लागतं. २०२०मध्ये शाळा बंद असताना राज्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्वाध्याय’ उपक्रमातून दर आठवड्याला प्रश्न पाठवले, तेव्हाही जिथे शिक्षक फोन करून विचारत होते तिथेच मुलं टिकली, असं अनेक शिक्षक सांगतात.

तिसरी नवी अडचण कृत्रिम बुद्धिमत्तेची. तुर्कस्तानात सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांनी सरावात ४८ टक्के अधिक चांगली कामगिरी केली. मग चॅटबॉटशिवाय परीक्षा झाली तेव्हा ते, कधीच न वापरणाऱ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. त्याच प्रयोगात शिक्षकांनी सुचवलेल्या हिंट देणारा आणि थेट उत्तर न सांगणारा चॅटबॉट वापरलेल्यांचं असं नुकसान झालं नाही. यंत्र तेच, पण त्याला मर्यादा शिक्षकांनी घातली होती.

शिवाय मुलांची माहिती. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांच्या संमतीचा आग्रह धरला आहे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. मुलाचं पूर्ण नाव, आईचा फोन आणि जन्मतारीख मागणाऱ्या मोफत अ‍ॅपऐवजी हजेरी क्रमांकावर चालणारं साधन निवडणं शिक्षकाच्या हातात आहे.

आणि काही गोष्टींचा सराव पडद्यावर होतच नाही. निबंध, प्रयोगातलं निरीक्षण, भूमितीतली सिद्धता, वर्गासमोर उभं राहून बोलणं यांचं बरोबर-चूक एका शेवटच्या उत्तरावरून ठरत नाही. सॉफ्टवेअरनं वाचवलेला वेळ या गोष्टींकडे वळवला नाही, तर शिकणं फक्त तपासता येण्याजोग्या प्रश्नांपुरतं आकसतं.

यंत्रणेनं काय करावं

शिक्षकाला हे सगळं एकट्यानं करणं जमत नाही. डिजिटल उपक्रमांचं मूल्यमापन अजूनही किती मुलांनी लॉगिन केलं, किती मिनिटं सराव झाला या आकड्यांनी होतं. हे आकडे मिळवायला सोपे आहेत आणि शिकण्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत प्रत्येक शिक्षकाला दोनच प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात सरावाच्या अहवालात तुम्हाला कुठली चूक सर्वांत जास्त दिसली? आणि त्यानंतर तुम्ही शिकवण्यात काय बदललं? ज्या शाळेत या दोन प्रश्नांची उत्तरं नेमकी मिळतात, तिथे साधा गूगल फॉर्मही मुलांना पुढे नेईल. जिथे मिळत नाहीत, तिथे आणखी टॅब खरेदी करण्याआधी शिक्षकांना अहवाल वाचायला आणि त्यावर विचार करायला आठवड्यातला एक मोकळा तास द्यावा.